बुडबुडे बघणाऱ्या डॉक्टर मानकर

डॉक्टर हेमा मानकर कुठलंही इंजिन सुरू करण्याआधी इंधनाची पारदर्शक नळी उन्हाकडे धरायच्या आणि तिच्यावर नखानं टिचकी मारायच्या. एक टिचकी, मग डोळे बारीक करून बघणं, मग आणखी एक टिचकी. सलाईन लावताना नर्स मारते ना, अगदी तशी. आम्ही रिमोट हातात घेऊन ताटकळत उभे. ऊन चढतंय, वारा फिरतोय, पण मॅडमचं आपलं चालूच.

"बुडबुडा सोडायचा नाही, सावंत," त्या म्हणायच्या. "माणसाच्या शिरेत गेला तर माणूस जातो, ह्याच्या नळीत गेला तर विमान जातं. आणि दोघंही जाताना सांगून जात नाहीत."

वाक्य चांगलं आहे. मला सुचायला हवं होतं.

चिंचपोकळीला माझा गाळा आहे. एक लेथ, एक ड्रिल मशीन आणि भिंतीला टांगलेले विमानांचे पंख. विजू शिरोडकर आणि मी डिलाईल रोडच्या चाळीत एकाच मजल्यावर वाढलो. त्याचा आता लालबागला लायटिंगचा धंदा आहे. आम्हा दोघांना वेड एकच, रिमोटवर उडणाऱ्या जेट विमानांचं. त्यांना खेळणं म्हटलेलं आम्हांला खपत नाही. आत खरंखुरं टर्बाइन असतं, दुधाच्या किटलीएवढं. ते रॉकेल पितं आणि मोठ्या विमानासारखंच किंचाळतं. रविवारी आम्ही पाचसहा जण कर्जतच्या पुढे एका माळावर जायचो. कुणाचं टर्बाइन रुसलं की एकच वाक्य ऐकू यायचं, "सावंतला बोलव रे." मग मी सावकाश चहा संपवायचो आणि उठायचो. त्या सावकाश उठण्यात काय सुख होतं, ते मला ते गेल्यावर कळलं.

विजूचं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याला भूल दिली ती डॉक्टर मानकरांनी. ह्या गिरगावातल्या. आजोबा वकील, वडील डॉक्टर, घरात पियानो. भूल चढेपर्यंत विजू त्यांना टर्बाइनबद्दल सांगत होता म्हणे. तो शुद्धीवर आल्यावर त्यांनी विचारलं, "आता कसं वाटतंय?" आणि पाठोपाठ, "त्या टर्बाइनचं पुढे काय झालं?" विजू बरा होऊन माळावर आला तो त्यांना घेऊनच.

त्या दिवसांत विजूचं जेट हवेत असताना अचानक विझत होतं. मी पंप उघडून साफ केला होता, फिल्टर बदलला होता, बॅटरी नवी घातली होती. जमिनीवर सगळं ठीक, वर गेलं की शांत. सुती साडी आणि पायांत बूट अशा अवतारात मॅडम विमानाशेजारी उकिडव्या बसल्या. इंजिन धडधडत होतं आणि त्या नळीकडे बघत होत्या.

"ही नळी पारदर्शक का आहे?" त्यांनी मला विचारलं.

"आतलं इंधन दिसावं म्हणून."

"मग बघत का नाही कोणी?"

मी वाकलो. वेग वाढवला की टाकीजवळच्या जोडातून मोहरीएवढे बुडबुडे आत शिरत होते. मी तो जोड तपासला होता. बोट फिरवलं, कोरडं होतं, सोडून दिलं. तसं मी बोललोही.

"बाहेर गळत नाही, म्हणून आत काही ओढलं जात नाही, असं थोडंच असतं?" त्या म्हणाल्या. पंप त्या जोडातून रॉकेलाबरोबर हवाही ओढत होता. त्यांनी हे अगदी साधेपणानं सांगितलं, पण मला वाटलं, ही बाई माझ्याबद्दलच बोलतेय.

जोड बदलला आणि विजूचं जेट टाकी संपत येईपर्यंत उडत राहिलं. विजू नाचायचा बाकी होता. "बघ रे मेल्या, डॉक्टर काय असतो!" तो मला म्हणाला. चाळीस वर्षांची मैत्री, पण माझ्या दुरुस्तीवर तो कधी असा ओरडला नव्हता. घरी गेल्यावर सुनंदानं, माझ्या बायकोनं, माझ्याकडे नुसतं बघितलं आणि म्हणाली, "सवत आल्यासारखं तोंड का केलंय?"

त्यानंतर मॅडम दर रविवारी येऊ लागल्या. त्यांनी स्वतःचं एक लाल जेट घेतलं, आणि हळूहळू ते वाक्य बदललं. "डॉक्टरांना विचार रे." मी गाडीच्या बॉनेटला टेकून चहा पीत बसायचो. चहा लवकर संपायचा आणि उठायचं कारण नसायचं. त्या प्रत्येक इंजिनाकडे पेशंट म्हणूनच बघायच्या. "ताप किती? श्वास कसा आहे? शेवटचं कधी खाल्लं?" पोरंटोरं हसायची, मीही हसायचो, पण उत्तर बहुतेक वेळा बरोबर यायचं. त्या चुकाव्यात म्हणून मी वाट बघू लागलो. देवाला नारळ बोललो नाही एवढंच.

आणि त्या चुकल्या. त्यांच्याच लाल जेटचं तापमान दर उड्डाणाला थोडं थोडं चढत होतं. त्यांनी ठरवलं की तापमान मोजणारी तार खराब आहे. ती बदलली, तरी तेच. एका संध्याकाळी त्या इंजिन घेऊन गाळ्यात आल्या. मी ते स्टँडवर बसवलं, मागच्या मोकळ्या जागेत नेऊन थोडा वेळ चालवलं आणि बंद केलं.

"ऐकलंत?" मी म्हणालो.

"काय?"

"थांबताना. चांगलं इंजिन रेंगाळत, पुटपुटत थांबतं. हे अडखळून थांबलं. तार ठीक आहे, मॅडम. बेअरिंग गेलंय."

उघडलं. बेअरिंगच्या गोळ्यांना खड्डे पडले होते. तो दिवस मी मनात किती वेळा रंगवला होता! त्या गोऱ्यामोऱ्या होतील, काहीतरी सारवासारव करतील, मी मोठ्या मनानं 'चालायचंच' म्हणेन. पण बाईंनी ती खड्डे पडलेली गोळी तळहातावर घेतली, निरखली, खाली ठेवली आणि चक्क टाळी वाजवली. "अहो, काय सुंदर! पुन्हा एकदा सांगा, कसं थांबलं म्हणालात?" मग तिथूनच विजूला फोन. "विजय, मी साफ चुकले. सावंतांनी नुसत्या कानानं ओळखलं!" पुढच्या रविवारी माळावर प्रत्येकाला धरून तीच गोष्ट, हातवारे करून, अडखळण्याचा आवाज काढून.

मी जिंकलो होतो. पण जिंकल्यावर समोर कुणीतरी हरलेलं दिसावं लागतं. ह्या बाई हरल्याच नाहीत. गोष्टीत मी हिरो होतो आणि ऐकणारे सगळे बघत होते त्यांच्याकडे. त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं हे मी एक वेळ सहन केलं असतं. पण चुकल्यावर इतकं खूश होता येणं, हे कुठल्या बाजारात मिळतं? मला ते हवं होतं. अजून हवं आहे.

मग ती आग लागली. विजूनं मोठं चंदेरी जेट आणलं होतं आणि ते दाखवायला ठाण्याहून मेहुणे आले होते. इंजिन पेट घेईना. तो पुन्हा पुन्हा बटण दाबत होता, आणि दर वेळी न जळलेलं रॉकेल इंजिनाच्या पोटात साचत होतं.

"विजू, थांब. शेपूट खाली कर, आधी सगळं निथळू दे," मी म्हणालो.

"गप रे, तुका काय कळता," तो मेहुण्यांकडे बघून हसत म्हणाला आणि बटण दाबलं.

ह्या वेळी इंजिनानं पेट घेतला, आणि सगळ्या साचलेल्या रॉकेलानंही. शेपटीतून माणसाच्या उंचीची ज्वाळा निघाली. विजू पंख धरायला धावला. "विजय, मागे व्हा!" मॅडमचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. विजू थबकला, छातीवर हात ठेवून मटकन खाली बसला. त्या त्याच्याकडे धावल्या आणि मी आग विझवायच्या गॅसचा सिलिंडर घेऊन विमानाकडे. इंजिनाच्या तोंडातून आत गॅस सोडला. ज्वाळा आखडली, विझली. शेपूट काळी पडली, पण विमान वाचलं. वळून बघितलं तर त्या विजूची नाडी धरून बसल्या होत्या आणि तो लहान मुलासारखा त्यांच्याकडे बघत होता.

विजूला काही झालं नव्हतं, घाबरला होता नुसता. परतताना गाडीत तो सारखं तेच म्हणत होता, "आज डॉक्टर होत्या म्हणून." माझ्या हातांना काजळी लागलेली. मी खिडकीबाहेर बघत होतो.

पुढच्या सीटवरून त्या मागे वळल्या. "विजय, एक ऐका. सावंत विमानाकडे गेले म्हणून मला तुमच्याकडे बघता आलं. आगीकडे पाठ करून नाडी मोजता येत नाही. मागे कोण आहे ते माहीत असावं लागतं."

मी हातांची काजळी रुमालाला पुसत राहिलो. बरं वाटलं होतं आणि त्याच वेळी वाटत होतं, हेसुद्धा ह्यांनीच बोलायचं?

गेल्या वर्षी त्या मुंबई सोडून गेल्या. कोकणातल्या एका रुग्णालयाला भूलतज्ज्ञ मिळत नव्हता, बायकांना बाळंतपणाला चार तास लांब न्यावं लागत होतं. त्यांनी गिरगावचं घर बंद केलं आणि लाल जेट गाडीच्या मागच्या सीटवर पट्टा बांधून बसवलं. ते रुग्णालय नेमकं माझ्या तालुक्यात. माझ्या गावामागचा कातळाचा सपाट, उघडा सडा त्यांनी आता उड्डाणासाठी धरलाय. लहानपणी मे महिन्याच्या सुटीत मी तिथे गुरं हाकली आहेत. तिथे विमान उडवायचं मला कधी सुचलं नाही.

माळावर आता पुन्हा "सावंतला बोलव" ऐकू येतं. मी उठतो. पण चहा पूर्वीसारखा लागत नाही.

परवा दुपारी गाळ्यात फोन वाजला. "सावंत, अडकलेय. इंजिन पेट घेतं, वेग धरायला लागतं आणि मध्येच दम टाकतं. नळी स्वच्छ आहे, फिल्टर नवा आहे. सांगा."

मी लेथ बंद केली, स्टुलावर बसलो. किती महिन्यांनी विचारत होत्या! मी मुद्दाम थोडा वेळ घेतला, घसा साफ केला. तेवढ्यात पलीकडून, वाऱ्यातून, एका पुरुषाचा आवाज आला. "मॅडम, स्टार्टरची बॅटरी भरलेली आसा मां? उतरली आसात तर स्टार्टर इंजिनाक अर्ध्या वाटेरच सोडतलो."

मग त्यांचं ते मोकळं, मोठं हसू. "अहो परब, कमाल आहे तुमची! माझ्या डोक्यातच आलं नाही हे. सावंत, ऐकलंत? ऐकलंत का काय म्हणाले?"

"ऐकलं," मी म्हणालो.

"ह्यांना भेटायलाच हवं तुम्ही. या ना एकदा!"

येतो म्हणालो आणि फोन ठेवला. उत्तर बरोबर होतं. मीही तेच सांगणार होतो. लेथ पुन्हा सुरू केली, पण हात कामात लागेना. हा परब कोण, कुठल्या वाडीतला, आणि त्यांच्या शेजारी रोज उभा असतो की फक्त रविवारी, एवढंच मनात घोळत राहिलं.