चंद्रप्रकाश साबण आणि आम्ही तिघे मालक

वाशीमला आम्ही तिघांनी साबणाचा कारखाना काढला होता, असं मी कुणाला सांगितलं की समोरचा आधी माझ्या शर्टाकडे बघतो! मग विचारतो, "चालला का?" चालला की! लढाई सुरू झाली, कॉस्टिक सोडा मिळेनासा झाला, तेव्हा आम्ही कढया उपड्या घातल्या. तोवर चार वर्षं चालला. साबण किती विकला ते आता आठवत नाही. पण तो लोकांच्या गळी उतरवताना जे जे झालं ते सगळं आठवतं. एक किस्सा काढावा तर दुसरा त्याच्या पाठीवर बसून येतो. घरात साबणाचं नाव निघालं की आमची मंडळी हल्ली पंचा घेऊन आंघोळीला निघून जातात. तुम्ही निवांत बसलेले दिसता, म्हणून सांगतो.

आमच्यातला पहिला मालक दिगांबर. घरचं तेलाचं दुकान. नागपूरला एका साबणवाल्याकडे सहा महिने राहून तो कला शिकून आला होता. माणूस हुशार, पण अबोल. गिऱ्हाईक समोर आलं की हा कढईमागे जाऊन बसायचा. दुसरा सुखदेव. त्याच्या घरचा गावाबाहेर वांग्या-मेथीचा मळा. मळ्यातलं खोपडं म्हणजे आमची फॅक्टरी. तिसरा मी. मी मॅट्रिकपर्यंत गेलेला, म्हणजे मॅट्रिकच्या जरा अलीकडे थांबलेला. त्यामुळे बोलणं, लिहिणं आणि जाहिरात माझ्याकडे.

साबणाचं नाव मीच ठेवलं. चंद्रप्रकाश!

* * *

खोपडं मागायला आम्ही सुखदेवच्या वडिलांकडे गेलो. आबा मेथीच्या वाफ्याला पाणी देत होते. मी अर्धा तास त्यांना धंदा समजावून सांगितला. स्वच्छता, स्वदेशी, तरुणांचा उद्योग, काही म्हणून सोडलं नाही. आबांनी सगळं ऐकून घेतलं, पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवलं आणि म्हणाले, "वांगं मानूस खाते. मेथी मानूस खाते. साबन कोन खाते?"

मी म्हणालो, "आबा, साबन खात नाईत, लावतात."

"मंग? भूक रोज लागते. मळ कोनाले रोज लागते?"

शेवटी सुखदेवच बोलला, "आबा, एक डाव करून पाहू द्या ना."

आबांनी वाफ्याचा बांध पायानं दाबला. "दिवाळीलोक पाह्यतो," ते म्हणाले, "चाललं तं चाललं. नाई तं गुमान वाफ्यात ये."

सुखदेवनं मान हलवली. तेव्हा आषाढ चालू होता. आमच्या हातात मोजून चार महिने!

* * *

पहिला बाजार केनवडचा. मी रात्री जागून तीन पानी भाषण लिहिलं होतं. बैलगाडीच्या साटीवर उभा राहिलो आणि सुरुवात केली, "सद्गृहस्थहो! ज्याच्या आगमनाने घराघरांतील अंधकार दूर झाला, ज्याचे अंतःकरण शुद्ध, ज्याचा स्पर्श मृदू, ज्याने गरीब-श्रीमंत असा भेद कधी केला नाही, तो आपला चंद्रप्रकाश..."

लोक थांबले. टोप्या निघाल्या. मला वाटलं, जिंकलं! पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याच्या डोळ्यांत तर पाणी आलं. मी आणखी आवाज चढवला. भाषण संपलं तसा तो म्हातारा गाडीजवळ आला, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि हळूच विचारलं,

"लय चांगला मानूस होता बावा. कवा वारला?"

* * *

केनवडला जेमतेम एक वडी खपली, म्हणून हँडबिलं छापायचं ठरलं. मजकूर अर्थात माझा. अकोल्याच्या छापखान्यातून हजार प्रती आल्या. गठ्ठा सोडला तेव्हा आबा शेजारीच वांगी निवडत बसले होते. त्यांना वाचता येत नसे. "काय लिवलं, वाच तं," ते म्हणाले.

मी खणखणीत आवाजात वाचलं, "चंद्रप्रकाश साबण वापरा! दोन धुण्यांत मळा जातो!"

मी थांबलो. पुन्हा बघितलं. मळ जातो असं मी लिहून दिलं होतं. छापणाऱ्यानं काना जास्तीचा दिला होता, आणि तोही हजार ठिकाणी!

आबांनी हातातलं वांगं खाली ठेवलं. म्हणाले, "आजलोक तुह्या तोंडून येवढं खरं कवाच निंघालं नाई."

पुढचे तीन दिवस आम्ही तिघं ब्लेडनं काने खरवडत बसलो. नऊशे नव्याण्णव काने खरवडले. एक हँडबिल आबांनी तसंच मागून घेतलं आणि विहिरीवरच्या झोपडीत, आल्या-गेल्याला दिसेल असं, चिकटवून टाकलं!

* * *

रिठदच्या बाजारात आम्हाला कासाबाई भेटली. ती रिठे विकायची. चाळीस वर्षं त्या बाजारात कपडे धुवायचं म्हटलं की कासाबाईचे रिठे. आमची गाडी तिच्या दुकानासमोरच उभी राहिली. तिनं कमरेवर हात ठेवून विचारलं, "काऊन रे पोट्ट्याहो, गावाचंच नाव रिठद, अन् तुमी इथं साबन विकून राह्यले?"

बाजार हसला. सुखदेव तसा थंड डोक्याचा, पण त्या दिवशी पेटला. म्हणाला, "मावशी, होऊन जाऊ द्या! एका धोतराचं एक टोक तुमी धुवा, एक टोक मी."

धोतर दिलं गावच्या पाटलांनी. मधोमध गाठ मारली. अख्खा बाजार नाल्यावर लोटला. इकडे कासाबाईचे रिठे, तिकडे सुखदेवचा चंद्रप्रकाश. दोघांनी आपापलं टोक धुतलं, पिळलं आणि बाभळीवर वाळत घातलं. उन्हात धोतर सुकलं आणि लोकांनी "वा!" केलं. आमचं टोक बगळ्यासारखं पांढरं! कासाबाईचंही स्वच्छ होतं, पण मूळचं पिवळेपण काही गेलेलं नव्हतं. गाडीवर झुंबड उडाली. आणलेला सगळा साबण तिथल्या तिथे संपला.

तेवढ्यात पाटील पुढे आले. धोतर हातात धरून त्यांनी उलटसुलट पाहिलं आणि जे संतापले! "अबे, आता मी हे नेसू कसं? पुढून तहसीलदार अन् मांगून नांगऱ्या दिसन मी!"

दुसरं टोकही धुऊन देतो म्हणावं, तर आमच्याकडे एक वडी शिल्लक नाही. घेतलेली परत द्यायला कुणी तयार नाही. पाटलांचा आवाज चढत चालला. गडी काठ्या घेऊन जवळ सरकले. दिगांबर तर गाडीखाली जाऊन बसला होता. तेवढ्यात कासाबाई पुढे आली, ओच्यात हात घातला आणि चंद्रप्रकाशची कोरी वडी काढून सुखदेवच्या हातावर ठेवली!

सगळा बाजार तिच्याकडे बघायला लागला. ती म्हणाली, "असे काय पाह्यता? रिठे मी विकते. वापरते म्हनून कोनं सांगतलं?"

* * *

केनवडची एक आजी होती. तिनं आमच्याकडून एक वडी नेली होती. महिनाभरानं ती पदरात काहीतरी बांधून आली. गाठ सोडली तर आमचीच वडी, पण हळदीकुंकवानं माखलेली!

"घेऊन जा वापस," ती म्हणाली. "एक बी डाग गेला नाई."

वडीवर पाण्याचा थेंबसुद्धा पडलेला दिसत नव्हता. विचारपूस केली तेव्हा कळलं. मी बाजारात ओरडलो होतो, 'चंद्रप्रकाश घरात ठेवा, घरात मळ राहणार नाही!' आजीनं तो घरात ठेवला होता. देवाच्या कोनाड्यात!

मी म्हणालो, "आजी, पान्यात घालून कपड्याले घासा लागते."

आजी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघत म्हणाली, "मंग तसं सांगा ना. देव पावाले येळ लागते, हे मले मालूम हाय. मले वाटलं, साबनाचं बी तसंच असन!"

* * *

रिठद सोडलं तर बाकी बाजार थंडच होते. दसरा झाला. खोपड्यात वड्यांचे ढीग लागले. सुखदेव येता-जाता वाफ्यांकडे बघायचा. त्याची मोठी वहिनी, गोदावहिनी, रोज सकाळी भाजीची पाटी घेऊन वाशीमच्या बाजारात बसायची. एके दिवशी ती म्हणाली, "पाच-सहा वड्या द्या माह्याकळे. पाटीत जागा हाय."

संध्याकाळी वड्या संपल्या. दुसऱ्या दिवशी बारा नेल्या, त्याही संपल्या. आठवड्यानं अशी वेळ आली की वांगी परत यायची आणि साबण संपायचा! मला राहवलं नाही. ती असं काय बोलते ते ऐकायला मी एका सकाळी तिच्यापासून चार हातांवर, शेजारच्या कांदेवाल्याच्या आडोशाला, जाऊन बसलो.

वहिनी काहीच बोलत नव्हती! धुऊन लख्ख केलेलं लुगडं नेसून नुसती मेथी विकत होती. एका बाईनं मेथी घेता घेता विचारलं, "गोदे, लुगळं नवं घेतलं काय व?"

"नाई व माय. चार वर्साचं हाय."

बाईनं लुगड्याकडे पाहिलं, मग पाटीतल्या वड्यांकडे. "हे काय होय?"

"थे? थे राहू दे. माह्यासाठी ठेवलं हाय."

"दे ना व एक!"

"नाई. मंग मले राह्यत नाई."

बाई हट्टाला पेटली. दोन वड्या घेऊनच उठली. मी चाटच पडलो. घरी आल्यावर म्हणालो, "वहिनी, मी तीन-तीन पानं बोलतो, तवा एक वडी खपते. तुमी तं तोंडबी उघडत नाई!"

वहिनी पाटी धूत म्हणाली, "तुमी बोलता म्हूनच खपत नाई, भाऊजी."

दिवाळीच्या आदल्या दिवशी आबा खोपड्याच्या दारात आले. सुखदेव कढईजवळून उठून उभा राहिला. आबांनी ढिगांकडे पाहिलं. ढीग उरलेच नव्हते. ते बाहेर गेले. थोड्या वेळानं आम्ही डोकावलो, तर आबा बाजाराची गाडी भरत होते. वांग्याच्या टोपल्या त्यांनी स्वतः मागे सरकवल्या होत्या आणि पुढे, बसायच्या जागेशेजारी, साबणाची एक पेटी मावेल एवढी मोकळी जागा ठेवली होती.

सुखदेव आत आला आणि कढईत तेल ओतायला लागला. तेल बरंच बाहेर सांडलं, ते दिगांबर फडक्यानं टिपत राहिला.

* * *

आता शेवटचा. धंद्याचा जम बसल्यावर दिगांबरला मुली सांगून यायला लागल्या. मंगरूळपीरचं एक स्थळ आलं. शेतीवाडीचं घर, मुलगी एकुलती एक. दिगांबरनं मला दोन दिवस आधीच बजावलं, "माह्यावतीनं तूच बोल. मले काई सुचत नाई."

गेलो. ओसरीवर सतरंजी, मुलीचे वडील समोर, आतल्या दारात बायका. मी मुलाची ओळख करून द्यायला सुरुवात केली आणि काय सांगू, सवयीनं तोंडातून जाहिरातच बाहेर पडायला लागली! "माल... म्हणजे मुलगा अस्सल आहे. तेलाच्या घरचा. स्वभावाने मऊ. कितीही वापरा, झिजणार नाही. शिवाय आमची गॅरंटी आहे..."

मुलीचे वडील डोळे बारीक करून ऐकत होते. सुखदेवनं मला कोपरानं ढोसलं. तेवढ्यात मुलगी चहा घेऊन आली आणि मी बोलायचा थांबलो.

तिच्या अंगावर लाल लुगडं होतं. म्हणजे कधीकाळी लाल असावं. कुठे लाल, कुठे गुलाबी, कुठे नुसतंच मळकट पांढरं. दारातून तिची आई दबक्या आवाजात म्हणाली, "कमळे! नवं नेस म्हनलं होतं ना तुले?"

मुलीनं चहा खाली ठेवला आणि सरळ दिगांबरकडे बघून म्हणाली, "हे लुगळं तुमच्या साबनानं धुतलं."

मुलीच्या वडिलांनी कपाळाला हात लावला. मी घाईघाईनं म्हणालो, "बाई, त्याचं असं आहे, की पाणी जड असलं म्हणजे..."

दिगांबरनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला गप्प केलं. त्याचा चेहरा घामानं भिजला होता. तो पुढे वाकला, लुगड्याच्या काठाकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "वडी जराशी पिवळी होती काय?"

"हो."

"हाताची आग झाली?"

"दोन दिवस."

"त्या घानात कॉस्टिक जास्त पडलं होतं," दिगांबर म्हणाला. "मीच टाकलं. लुगळ्याची चूक नाई, पान्याची नाई. माही चूक हाय."

कंपनी काढल्यापासून आमच्यातला कुणी गिऱ्हाइकाशी असं बोलला नव्हता! मुलगी मान खाली घालून आत निघून गेली. तिच्या मागोमाग वडीलही उठून आत गेले. आतून बायकांची कुजबुज येत होती. चहा गार झाला. सुखदेवनं टोपी डोक्यावर घातली. मी चपला कुठे काढल्यात ते बघून ठेवलं.

बऱ्याच वेळानं वडील बाहेर आले. हातात ते लुगडं, नीट घडी केलेलं. ते त्यांनी दिगांबरच्या पुढ्यात ठेवलं, घसा खाकरला आणि म्हणाले,

"पोरगी म्हनते, हे घेऊन जा. याच्या बदल्यात नवं घेऊन यासान, तवा लग्नाची तिथी बी काढून आना."