तिसरी उकळी

पाहुण्याला कच्चं पाणी देणं म्हणजे वागियेमच्या लेखी त्याच्या तोंडावर दार लावणं. तिचा थोरला मुलगा वर्षाचा असताना हगवणीनं गेला, तेव्हापासून बाईनं कच्च्या पाण्याचा धसकाच घेतला. त्याला एकेचाळीस वर्षं झाली. एक उकळी, दुसरी, तिसरी. तिसरा हिस्सा आटेपर्यंत ती पातेल्यापुढून हलायची नाही. म्बाह म्हणजे आजी, आणि ती साऱ्या गल्लीची म्बाह. बाया चिडवायच्या, "म्बाह, पाणी शिजलं का? मीठ घाला आता."

"तुमची पोरं जगली, म्हणून सुचतात असले विनोद," ती म्हणायची.

तेच पाणी फाटकाशी मातीच्या झारीत भरलेलं असायचं, येणाऱ्याजाणाऱ्यासाठी. आता तर येणारेजाणारे फारच वाढले होते. जावा बेटावरच्या योग्याकार्ता शहराच्या कडेची ही वाडी. भातखाचरं विकली गेली आणि त्यांवर घरं नि विद्यार्थ्यांच्या खोल्या उठल्या. घरोघरी विहीर, आणि विहिरीला खेटून शेजाऱ्याचा संडासाचा खड्डा. पण पाणी दिसायला नितळ, मग कोण कशाला फिकीर करतो!

वागियेमला फिकीर होती ती तीन महिन्यांच्या नातीची, किनांतीची. लेक एन्डाह कारखान्यात जायची, तिचं अंगावरचं दूध आटलं होतं. म्हणून डब्याची पावडर, आणि ती कालवायला तिसऱ्या उकळीचं पाणी. पण आठवडाभर पोरीचे ओठ निळसर दिसत होते आणि ती रडतही नव्हती धड. "अंगात वारं शिरलंय," असं म्हणून वागियेम कांदा ठेचून तेलात कालवून तिच्या पाठीला चोळत होती.

त्याच सुमारास आरोग्य केंद्रातली रात्री नावाची मुलगी घरोघर बाटल्या देऊन गेली होती. विहिरीचं पाणी तपासायला भरून ठेवा, म्हणाली होती. दुसऱ्या दिवशी तिनं बाटल्या नेल्या आणि पाच दिवसांनी तपासणीचा कागद घेऊन ती पुन्हा दारात उभी राहिली.

"म्बाह, तुमचं काही कळेना. गल्लीत सगळ्यांच्या पाण्यात जंतू, तुमच्यात एकही नाही."

वागियेमला हसू आवरेना. "मी काय उगाच जळण जाळते?"

"पण नायट्रेट म्हणून एक क्षार असतो, खड्ड्यांतून झिरपतो. तो इतरांकडे मर्यादेच्या दुप्पट आहे. तुमच्याकडे तिप्पट. बाटली कुठून भरलीत?"

"किटलीतून, उकळलेलं. आता तुझ्यासारख्या शिकल्यासवरल्या मुलीच्या हातात कच्चं पाणी देऊ होय? रीत असते काही."

त्या मुलीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "उकळल्यानं जंतू मरतात, म्बाह. क्षार जात नाही. पाणी आटतं, तो तेवढाच राहतो, दाट होतो. मोठ्यांना लगेच काही होत नाही, तान्ह्यांचं अंग मात्र त्यानं निळं पडतं. घरात तान्हं बाळ नाही ना?"

 वागियेमनं झोळीकडे बोट केलं. रात्रीनं झोळी उघडली, पोरीची बोटं उलटीपालटी करून पाहिली. नखंसुद्धा निळी होती.

मग त्या मुलीच्या मोटारसायकलवर मागे वागियेम, छातीशी पोर. पदराखाली श्वास चालू आहे की नाही हेच ती वाटभर चाचपत राहिली. रुग्णालयात पोरीला सुई टोचली, नाकाशी नळी लावली. संध्याकाळपर्यंत ओठांवर गुलाबी रंग आला आणि ती भोकाड पसरून रडली. एन्डाह कारखान्यातून धावत आली होती. तिनं लेकीला उराशी धरलं आणि आईला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं, असं वागियेमला वाटलं.

तिनं डॉक्टरांना गाठलं. "साहेब, मी अजून एक उकळी दिली असती तर?"

डॉक्टर म्हणाले, "तुम्ही चांगल्यासाठीच करत होतात, म्बाह."

"ते नाही विचारलं मी."

"मग आज फार उशीर झाला असता."

ती बाकावर जाऊन बसली. पहिल्याला न उकळता पाजलं, हिला उकळून. बाईनं करायचं तरी काय होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी कपडे न्यायला ती घरी आली. फाटकापाशी झाडू विकणारा म्हातारा झारी उचलून तोंडाशी नेत होता. चाळीस वर्षांत तिनं कुणाला अडवलं नव्हतं. तिनं त्याच्या हातातून झारी काढून घेतली आणि मातीत उपडी केली.

तो ओशाळला. "म्बाह, चुकलं का माझं काही?"

"तुझं नाही, बाबा," ती म्हणाली. "पुढच्या घरी माग. आणि तिथं तान्हं असेल, तर मला येऊन सांग."