पिवळा पडलेला चेंडू

बंगळुरूच्या गोल्फच्या मैदानावर मी प्रधानसाहेबांची बॅग वाहतो. वाटेत एक तळं लागतं. बाकीचे लोक थेट पाण्यावरून चेंडू मारतात. साहेब मात्र कडेच्या गवतावर हलकेच टोलवतात आणि वळसा घालून जातात. एक फटका जास्त लागतो, पण चेंडू हरवत नाही. म्हणून तर तो वापरून वापरून पिवळा पडलाय.

"अहो प्रधान, तळं आहे, समुद्र नव्हे!" त्यांचे मित्र बापट आज पुन्हा म्हणाले.

साहेबांनी नेहमीसारखा कडेनेच टोला दिला. पण चेंडू उतारावरून पाण्याकडे घरंगळायला लागला. मी देवाचं नाव घेतलं. काठावरच्या लव्हाळ्याला टेकून तो थांबला, आणि मी आनंदाने चक्क उडीच मारली!

मीही असाच कडेकडेने चालणारा. आठवीत शाळा सुटली, गाव लांब राहिलं. इथे खोलीला कुलूप लावलं तरी दोनदा ओढून बघतो. याला मी आजवर भित्रेपणा समजायचो. पण जपण्यासारखं काही हाती लागलं, की माणूस वळसा घालणारच ना?

तेवढ्यात बापटांचा चेंडू डुबुक्कन पाण्यात गेला. "प्रधान, एक चेंडू द्या हो."

"बॅगेतला कुठलाही घ्या, फक्त तो पिवळा मागू नका," साहेब माझ्याकडे बघून हसले. "तो आणि आमचा सदा एकाच दिवशी इथे आलेत."

पुढे भोकाजवळच्या हिरवळीवर तो पिवळा चेंडू पुसायला माझ्या हातात आला. आज मी तो जरा जास्तच वेळ पुसला.