एका दिवसाची लेन्स

माझा डावा डोळा जन्मापासून आळशी. समोर माणूस आहे की कपाट, एवढंच तो सांगतो. माणूस कोण, हे सांगायची तसदी त्यानं कधी घेतली नाही. सगळा कारभार उजव्या डोळ्यावर, आणि त्याचा नंबर उणे नऊ. त्यामुळे माझं लहानपण जपण्यातच गेलं. दिवाळीत फटाके खिडकीतून पाहायचे, रंगपंचमीला घरात बसायचं, गल्लीत विटी-दांडू निघाला की जिन्यात जाऊन उभं राहायचं. आई म्हणायची, "एकच आहे, सांभाळ." आयुष्यभर पुरेल एवढी भीती तिनं त्या तीन शब्दांत बांधून दिली.

लेक झाली तेव्हा आम्ही गंगापूर रोडला दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. साल दोन हजार दोन किंवा तीन असेल. नवरा अंबडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला, म्हणजे सकाळीच घराबाहेर. बाळाचं करायला सासूबाई चांदवडहून येऊन राहिल्या होत्या. लेकीला दहावा महिना लागला आणि तिला माझ्या चष्म्याचा शोध लागला. कडेवर घेतलं की तिचा हात थेट दांडीवर.

एक दिवस सासूबाई सोमेश्वराच्या देवळात गेल्या होत्या. लेकीनं चष्मा ओढला आणि फरशीवर आपटला. उजव्या काचेचे दोन तुकडे. काच बाळाला लागेल म्हणून मी तिला खाली दूर ठेवलं आणि चाचपडत तुकडे वेचू लागले. जुना चष्मा कुठल्यातरी खणात होता, पण तो शोधायलाही चष्माच हवा. तेवढ्यात बाथरूममधून पाण्यावर हात मारल्याचा आवाज आला. चप, चप. बादली भरलेली होती, दार उघडं होतं आणि लेक जागेवर नव्हती.

मी धावले ती दाराच्या चौकटीवर कपाळ आपटत. बादलीजवळ एक गुलाबी धूसर गोळा दिसला, तो उचलला. लेक हसत होती. मी तिचं झबलं मुठीत धरून तशीच ओल्या फरशीवर बसले, ती सासूबाई येईपर्यंत. त्यांनी दार वाजवलं तेव्हा लेकीला कडेवर घेऊनच कडी काढली.

दुसऱ्या दिवशी नवा चष्मा करायला टाकला आणि दुकानदारांना विचारलं, "मला लेन्स बसेल का?" दुकानदार साठीचे, शांत गृहस्थ. त्यांनी डोळा तपासला आणि आतून एक खोकं आणलं. "हा नवीन प्रकार आलाय. सकाळी घालायची, संध्याकाळी काढून फेकायची. धुवायची नाही, साठवायची नाही, आणि परत घालायची तर अजिबातच नाही. पाच देतो. पाच दिवस वापरून बघा आणि मला येऊन सांगा."

नवरा कुरकुरला. "एकच डोळा आहे तुझा. हे फॅड कशाला?" मी बादलीची गोष्ट पुन्हा सांगितली. मग तो म्हणाला, "ते सांगतील तसंच करायचं. एवढं कबूल असेल तर कर." मी कबूल केलं.

पहिली लेन्स दुकानातच घातली, तिला पाऊण तास लागला. स्वतःचं बोट स्वतःच्या एकुलत्या एका डोळ्याकडे आणायचं, आणि डोळा मिटायचा नाही! पापणी माझं ऐकेना. आरशात मला माझं बोट भल्याथोरल्या खांबासारखं येताना दिसे आणि मी मान मागे घेई. दुकानदार म्हणत होते, "वर बघा, ताई. श्वास सोडा." मी श्वास सोडायलाच विसरले होते. शेवटी जीव मुठीत धरून बोट टेकवलं, थंड काहीतरी बुबुळावर बसलं, आणि समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर एकदम स्वच्छ झालं. चष्म्यातून जग लहान आणि लांब दिसतं, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. घरी येऊन लेकीला उचललं. तिनं हात पुढे केला, पकडायला काही मिळालं नाही म्हणून माझं नाक धरलं. तिची पापणी न् पापणी मला मोजता आली.

संध्याकाळी लेन्स बोटाच्या टोकावर घेऊन मी केराच्या डब्यापाशी उभी राहिले. आमच्या घरात दुधाची पिशवीसुद्धा धुऊन दोरीवर वाळत घालतात. जुन्या साडीची गोधडी होते, गोधडीचं पायपुसणं होतं. आणि ही तर नवीकोरी, स्वच्छ वस्तू. शिवाय पाच संपल्या आणि नवरा म्हणाला, 'झाली ना हौस?', तर? मी ती लेन्स बाळाच्या औषधाच्या बाटलीच्या झाकणात, उकळून गार केलेल्या पाण्यात ठेवली. बाळाला चालतं ते पाणी डोळ्याला चालणार नाही का, असा माझा हिशोब. दुसऱ्या दिवशी तीच घातली. काही झालं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. दुकानदारांना पाच दिवसांनी सांगितलं, उत्तम आहे, रोज नवी घालते. पाचांतल्या तीन तेव्हा अजून खोक्यात बंद होत्या.

आता काजळाबद्दल सांगायला हवं. सासूबाईंच्या हातचं काजळ म्हणजे चांदवडला नावाजलेलं होतं. तुपाचा दिवा लावायचा, त्यावर तांब्याची ताटली उपडी टेकवायची, धरलेली काजळी खरवडून लोण्यासारख्या तुपात घोटायची. कुणाच्याही घरी बाळ झालं की डबी यांच्याकडून जायची. "माझं काजळ घातलेल्या एका पोराला चष्मा लागला नाय," असं त्या अभिमानानं सांगायच्या. रोज सकाळी अंघोळ झाली की लेकीच्या गालावर तीट लावायचं काम माझं.

दहाव्या-अकराव्या दिवशी तीट लावली, हात धुतले, लेन्स घातली, आणि सगळं काळं झालं. पुढे दाट काळपट पडदा. मी ओरडले, "आई, मला दिसत नाही! आई, मला दिसत नाहीये!" सासूबाई पोळपाट टाकून आल्या. मी डोळा चोळत होते, तेवढा पडदा पसरत होता. पाचावर धारण बसली म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. कशीबशी लेन्स निघाली. तिच्यावर काजळाचा तुपट थर होता. माझ्या नखात राहिलेलं काजळ. डोळा धुतल्यावर सगळं पूर्ववत दिसू लागलं. सासूबाई आधी रडल्या, मग हसल्या. "तुझ्या डोळ्यालाच तीट लावलीस की गं!"

ती लेन्स तरी मी फेकायला हवी होती. मी ती अंगाच्या साबणानं चोळून धुतली आणि झाकणात ठेवली. पुढचे तीन दिवस तीच घातली.

चौथ्या दिवशी डोळा लाल होता. दुपारपर्यंत उजेड सुईसारखा टोचायला लागला. दुसऱ्या दिवशी लेकीचा चेहरा पांढऱ्या धुक्यात गेला. हे धुकं चोळून जाणारं नव्हतं. लेन्स डोळ्यात नव्हतीच.

नवऱ्यानं सुट्टी टाकली आणि मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. सासूबाईही बाळाला घेऊन आल्या. डॉक्टरांनी दिवा मारून पाहिलं, पापणी वर धरून पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, "बुबुळावर जखम आहे. काय गेलं होतं डोळ्यात?"

"काजळ," मी म्हणाले.

"आणि लेन्स? रोज नवी घालता ना?"

शेजारी नवरा उभा होता. मी म्हणाले, "हो."

एवढंच. तो 'हो' मी आजही विसरलेले नाही. डोळा जायची भीती होतीच, पण त्या क्षणी त्याहून जवळची भीती नवऱ्याच्या तोंडाची होती. 'तुला सांगितलं होतं' हे ऐकायचं नव्हतं. मागे सासूबाईंच्या हातातली बाळाची पिशवी खाली पडल्याचा आवाज आला. त्या म्हणाल्या, "माझ्या काजळानं?" कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

दर तासाला थेंब सुरू झाले. दोन दिवस पडदे ओढलेल्या खोलीत मी पडून होते. लेकीच्या पायात सासूबाईंनी घुंगरांचे वाळे घातले, म्हणजे ती कुठे आहे ते मला कळावं. वाळे वाजायचे, थांबायचे, आणि थांबले की मी लेकीला हाका मारायचे. डावा डोळा कपाट आणि माणूस यांच्यातला फरक सांगत बसला होता. मी मनाशी घरातल्या पावलांची मोजणी करत होते: पलंगापासून दार सात, दारापासून ओटा नऊ. हे आता जन्मभर करायचं का? लेकीचा चेहरा जसा लेन्समधून दिसला होता तसा मी पुन्हा पुन्हा आठवत होते, पुसला जाऊ नये म्हणून.

तिसऱ्या दिवशी पुन्हा दवाखाना. नवऱ्याला रजा मिळाली नव्हती, सोबत सासूबाई. डॉक्टर म्हणाले, "जखम वाढतेय. काजळानं हे एवढं व्हायला नको. ताई, काही राहिलंय का सांगायचं? डोळ्यात फूल पडलं तर मग माझ्या हातात फारसं काही नाही."

फूल. आमच्या गावाकडे एक म्हातारे होते, डोळ्यात पांढरं फूल पडलेले. पोरं त्यांच्यासमोर हात हलवून पळायची, आणि त्यांत मीही असायची.

मी म्हणाले, "आई, बाळाला जरा बाहेर नेता का? इथलं तिला काही लागायला नको." त्या गेल्या. दार बंद झाल्याचा आवाज ऐकून मी सगळं सांगितलं. झाकण, पाणी, साबण, चौदा दिवस, दोन लेन्स. डॉक्टर रागावले नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. त्यांनी नुसतं विचारलं, "नळाचं पाणी उकळून? साठवून?" आणि बुबुळ खरवडून नमुना घेतला, औषधं बदलली. जाताना म्हणाले, "काजळाचा काही दोष नाही यात. हे त्या पाण्यातून आलंय. आधी सांगितलं असतं तर तीन दिवस वाचले असते."

बाहेर बाकावर सासूबाई बसल्या होत्या. "काय म्हणाले?"

"औषध बदललं," मी म्हणाले.

डोळा वाचला. महिना-सव्वा महिना गेला, पण वाचला. बुबुळाच्या कडेला तांदळाच्या कणीएवढा डाग राहिला आणि लेन्सवर कायमची बंदी आली. चष्मा लावून मी लेकीला पाहिलं तेव्हा इतकी रडले की डॉक्टरांनी औषध वाहून जाईल म्हणून दटावलं. घरी आले तर तांब्याची ताटली ओट्यावर नव्हती. सासूबाईंनी ती कामवाल्या मावशींना देऊन टाकली होती. काजळाची डबी धुऊन पालथी ठेवलेली.

मला वाटलं, सांगू सावकाश. आधी डोळा बरा होऊ दे. मग वाटलं, आता जुनं झालं, कशाला उकरायचं? घरात आलेल्या-गेलेल्याला त्याच सांगायच्या, "माझ्या काजळानं पोरीचा डोळा जात होता." मी ओट्याकडे तोंड करून चहा गाळत असायचे. धाकट्या दिराला मुलगा झाला, पाठोपाठ मुलगी. जाऊ हट्टानं काजळ मागायची. सासूबाई हात मागे घेऊन म्हणायच्या, "माझं बोट नको गं त्यांच्या डोळ्याला." जावेलाही मग तसंच वाटायला लागलं. बाळांना अंघोळ घालायला ती दुसऱ्या बाईंना बोलावू लागली, आणि सासूबाई दारात उभ्या राहून बघायच्या. हेही मी पाहिलं. मला दिसत होतं.

सहा-सात वर्षांनी सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. थेंब टाकायचं काम माझ्याकडे. एका सकाळी त्या उशीवर डोकं टेकून, डोळे मिटून पडल्या होत्या. बाटली माझ्या हातात होती. त्या म्हणाल्या, "तुझ्या डोळ्याचं मी वाटोळं करीत होते, आणि तू माझ्या डोळ्याला जपतीस. लय पुण्याची हायेस."

मग मात्र माझ्यानं राहवेना. मी सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले तेही.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "कवापासनं ठाऊक हाय तुला?"

"तेव्हापासूनच."

"मी दारात उभी राह्यचे, तवा पण?"

"हो."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. मी उठले नाही. मला वाटलं, त्या बाटली हातातून ढकलतील, रडतील, चांदवडला जाते म्हणतील. मी 'चुकलं' म्हणायला तोंड उघडलं, पण त्यांनी हात वर करून थांबवलं.

"आधी थेंब टाक," त्या म्हणाल्या. "मग धाकटीला फोन लाव. जे मला सांगितलं ते तिला सांग. माझ्यासमोर."

पहिला थेंब त्यांच्या गालावर पडला. दुसरा नीट पडला. मी फोन जवळ ओढला आणि नंबर फिरवला. त्या मिटल्या डोळ्यांनी, माझ्याकडे कान करून पडून होत्या. पलीकडून जाऊ म्हणाली, "हॅलो? वहिनी?"

"थांब, ठेवू नको," मी म्हणाले. "मला तुला आईंच्या काजळाचं सांगायचंय."