नाकेवाडीच्या मार्थाअक्का

मार्थाअक्का आज सकाळी गेल्या. मला अजून रडू आलेलं नाही.

दादाचा फोन आला तेव्हा मी शिरोलीला कंपनीत होते. फोन ठेवला आणि समोरच्या लॉटचं इन्स्पेक्शन पूर्ण केलं. दोन पीस रिजेक्ट केले. मग रजा टाकली.

दुपारी त्यांना माती दिली. आता घरी बसून हे लिहितेय, कारण अक्का कोण होत्या हे तुमच्यातल्या कुणालाच माहीत नाही.

आमची नाकेवाडी नकाशात शोधू नका. महाराष्ट्र-कर्नाटकाच्या हद्दीवर होती. आता धरणाच्या पाण्याखाली आहे.

संस्थानं होती तेव्हा तिथं जकातीचं नाकं होतं. नाक्यावरचे शिपाई, गाडीवान, म्हसरं राखणारे तिथंच राहिले आणि वाडी झाली.

निम्मी वाडी मराठी बोलायची, निम्मी कन्नड. भांडताना दोन्ही.

अलीकडच्यांना वाटायचं वाडी पलीकडच्यांची, पलीकडच्यांना वाटायचं अलीकडच्यांची. म्हणून शाळा कुणीच काढली नाही.

शेवटी मिशनच्या लोकांनी काढली. एक लांबट खोली, वर कौलं. मार्थाअक्का तिथल्या शेवटच्या शिक्षिका.

त्यांना बाई म्हटलेलं चालायचं नाही.

"अक्का म्हण की. बाई काय? मी काय तपासणीला आलीया व्हय?"

मी चौथीत होते तेव्हा पाणी आलं.

मिशनचा निरोप आला, बाकं आणि घंटा तेवढी घेऊन या. अक्कांनी बाकंही सोडली आणि घंटाही. शाळेचं जनरल रजिस्टर पत्र्याच्या पेटीत घातलं, पेटी डोक्यावर घेतली आणि चिखलातून चालत बाहेर आल्या.

कारण आमच्यातल्या बहुतेकांकडं कसलाच कागद नव्हता. पोराचं नाव, बापाचं नाव, राहणार नाकेवाडी. एवढं फक्त त्या रजिस्टरात होतं. पुनर्वसनाचा प्लॉट मिळायला तोच पुरावा.

अक्का शहरात, मंगळवार पेठेत एका खोलीत राहायला आल्या. वाडीची माणसं एसटीनं यायची. अक्का रजिस्टर उघडायच्या आणि दाखला लिहून द्यायच्या.

एक दिवस आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, अक्कांकडं गेले. मलाही सोबत नेलं होतं.

धरणग्रस्तांच्या घरटी एकाला नोकरी मिळणार होती. अट एकच, चौथी पास. दादा तेव्हा सतरा-अठराचा. दुसरीतून शाळा सोडून म्हसरांमागं गेलेला.

आप्पा म्हणाले, "अक्का, पोराच्या नावापुढं चौथी पास तेवढं लिवा. कुणाला कळतंय?"

अक्कांनी पेनाला टोपण लावलं.

"एक ओळ खोटी निघाली तर सगळं पुस्तक खोटं ठरतंय, आप्पा. सगळ्या वाडीचे प्लॉट ह्याच्यावर हायत."

"माझ्या पोराचं वाटुळं झालं तर चालंल?"

अक्कांनी रजिस्टर मिटलं.

आप्पा उठले. "आमच्या दारात पाऊल टाकू नका परत."

पुढं खरंच चौकशी लागली. एक साहेब आले, दोन दिवस रजिस्टरातली ओळ न् ओळ तपासली. कुठंच खोट सापडली नाही. सगळ्या घरांना प्लॉट मिळाले.

आम्हालाही मिळाला. माझ्या नावाच्या ओळीवर.

तरी आप्पा अक्कांशी बोलले नाहीत.

दादा फाउंड्रीत लागला. तिसऱ्या वर्षी वितळलेलं लोखंड उडालं आणि त्याचा डावा डोळा गेला. अक्का दवाखान्यात डबा घेऊन आल्या. आप्पांनी जिन्यावरूनच परत पाठवलं.

मी तिथंच उभी होते. मला आप्पांचंच बरोबर वाटत होतं.

नंतर मी मंगळवार पेठेतून जायचे. त्या गॅलरीत दिसायच्या. मी मान वर करायचे नाही. एकाच शहरात आम्ही एवढी वर्षं अशी काढली.

तीन वर्षांपूर्वी आप्पा वारले. अक्का रिक्षा करून आल्या. काठी टेकत उंबऱ्याबाहेर थांबल्या.

शेजारणीनं विचारलं, "आत का येत न्हाईसा?"

त्या म्हणाल्या, "त्यांनी नको म्हटलं होतं."

मी समोर होते. "आत या" म्हणायला कितीसा वेळ लागतो? मी म्हटलं नाही. त्या थोडा वेळ थांबल्या आणि गेल्या.

आज दफनभूमीत दादा शवपेटीला पहिला खांदा द्यायला पुढं झाला. मला कळेना, हा का पुढं होतोय.

सगळं आटोपल्यावर त्यानं सांगितलं. डोळा गेल्यानंतर तो दर रविवारी अक्कांकडं जायचा. चार वर्षं. अक्कांनी त्याला पाटीपासून शिकवलं. आधी चौथीची परीक्षा दिली, मग सातवीची. स्टोअरकीपरचं काम त्याला त्यावरच मिळालं.

आम्हाला वाटायचं तो रविवारी तालमीकडं जातो.

"आप्पास्नी का सांगितलं न्हाईस?"

"सांगणार हुतो. अक्काच नको म्हणली. म्हणाली, त्यास्नी वाटंल, मी जितली हे दावायला तुला सांगाय लावलं."

एवढं बोलून दादा भिंतीकडं तोंड करून रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या हातालाही काही जाणवत नव्हतं.

वाडीची माणसं दोन्ही राज्यांतून आली होती. चर्चच्या पाळकांची प्रार्थना मराठीत झाली. मग एक म्हातारी पुढं आली आणि कन्नडमध्ये बराच वेळ मातीशी बोलत बसली. तिला कुणी उठवलं नाही.

घरी आले, अंघोळ केली, भात लावला. उद्या फर्स्ट शिफ्ट आहे.

अक्का, माझं चुकलं. हे तुम्ही असताना म्हणायचं होतं.

शांत झोपा. तुमच्या विद्यार्थिनीचा शेवटचा नमस्कार.