अप्पा चिठ्ठी लिहायला शिकले

आमच्या टॉवेलच्या कारखान्यात आठ माग होते तोवर सगळा कारभार अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, आवाजावर चालायचा. माग चालू असताना शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, पण अप्पांची हाक दारापासून शेवटच्या मागापर्यंत पोचायची. सूत संपलं, अप्पा. ताण्याच्या सुताचा बीम बदलायचा, अप्पा. कुणाला मेहुणीच्या लग्नाला जायचंय, तरी अप्पाच. पुढे अक्कलकोट रोड एमआयडीसीत शेजारचा गाळा घेतला, आठाचे चोवीस माग झाले. पद्धत तीच राहिली, फक्त अप्पांचा घसा बसला.

त्याच सुमारास मी पुण्यातली नोकरी सोडून घरी आले. तिथे पाच वर्षं मी दुसऱ्यांच्या कामांचे तक्ते बनवत होते, त्यामुळे घरचा तक्ता चुटकीसरशी बनेल असा माझा समज होता. बनलाही. मागांवर जॉबर प्रमुख. तो आजवर माग दुरुस्त करायचा, आता माणसंही सांभाळणार होता. सुताच्या कोठीवर एक जण. तपासणी आणि घडीवर अक्का. अक्का आमच्याकडे पहिल्या मागापासून होत्या. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी आणि चिडल्या की दोन्ही. यापुढे तोंडी हुकूम बंद, प्रत्येक कामाला चिठ्ठी, असा नियम मी केला. सगळ्यांनी भिंतीवरचा तक्ता वाचला, माना डोलावल्या आणि पुन्हा अप्पांकडे गेले.

"अप्पा, त्यांना जॉबरकडे पाठवा ना."

"पाठवतो की. पण माणूस समोर येऊन उभा राहिला, तर काय तोंड फिरवू?"

मग एका हॉटेलची मोठी ऑर्डर आली. पांढरे टॉवेल, निळी किनार. मी चिठ्ठी दिली, काम सुरू झालं. तिसऱ्या दिवशी अक्का ऑफिसात आल्या. एका खांद्यावर निळ्या किनारीचा टॉवेल, दुसऱ्यावर हिरव्या.

"ताई, हॉटेल एक हाय का दोन?"

जॉबरला बोलावलं. तो बिचारा दारातच थबकला. "तुमच्या चिठ्ठीत निळी किनार होती. काल अप्पा आले, म्हणाले निळं लई फिकं दिसतंय, हिरवं घाला. मी कुणाचं ऐकू?"

मी अप्पांकडे बघितलं. अप्पा पंख्याकडे बघत होते.

"तुमी दोघं आधी आपसांत ठरवा की," अक्का म्हणाल्या. "मग आमाला सांगा." टॉवेल टेबलावर ठेवून त्या गेल्यासुद्धा.

मला अप्पांवर चिडायचं होतं, पण नजर भिंतीवर गेली. तक्त्यात सगळ्यात वरच्या चौकटीत मी फक्त 'मालक' लिहिलं होतं. त्या माणसानं दिवसभर करायचं काय, हे लिहायचं मला सुचलंच नव्हतं.

मी भीतभीत हॉटेलला फोन केला. तिथले मॅनेजर हसले आणि म्हणाले, निळे खोल्यांत वापरू, हिरवे पोहण्याच्या तलावावर. अप्पांनी हा आपला विजय मानला आणि आठ दिवस मिरवला. पण त्याच दिवशी त्यांनीच सगळ्यांसमोर कबूल केलं, "यापुढे मीही चिठ्ठीच देणार."

दुसऱ्याच सकाळी ते सवयीनं कोठीत शिरले आणि सुताचा एक कोन उचलला. कोठीवाला दारात आडवा आला. "अप्पा, चिठ्ठी?"

जवळचे दोन-तीन माग थांबले. अप्पा तडक माझ्याकडे आले. "तुझ्या माणसानं मला अडवलं."

"मग?"

"मग काय! बरोबर केलं की. कागद दे."

तिथून त्यांना चिठ्ठ्यांचा नादच लागला. दुपारी माझ्या टेबलावर चिठ्ठी यायची: 'चहा दोन. आलं घालून. तातडीचे.' घाईत असले की लहानपणी शाळेत शिकलेली कन्नड बाहेर यायची आणि अर्धी चिठ्ठी जॉबरला कळायचीच नाही. मग कन्नड येणारा, अक्कलकोटकडचा एक विणकर हातातलं काम सोडून ती वाचून दाखवायचा. माझ्या तक्त्यात दुभाष्याची चौकट नव्हती. ती पेन्सिलीनं घालावी लागली. अप्पांच्या चौकटीतही मी 'नवे नमुने' असं लिहिलं, त्यांना विचारून.

वर्षभरानं ते भाचीच्या लग्नाला कुर्डुवाडीला गेले. दोन दिवस. परत आल्यावर चपला काढायच्या आधी त्यांनी विचारलं, "काय अडलं न्हाय?"

"नाही, अप्पा."

"एक फोनसुद्धा न्हाय केलास."

"आता तुम्हीच म्हणता ना, ज्याचं काम त्यानं बघावं."

"लई छान झालं," म्हणाले आणि बाहेर बाकावर जाऊन बसले. मी वर्षभर ज्यासाठी धडपडले, ते झालं होतं. आणि दारातून मला त्यांची पाठ दिसत होती. बाहेर जावं की नको, मला कळेना.

अक्का मात्र घडीच्या टेबलावरून उठल्या. नव्या सुताचा एक टॉवेल त्यांनी अप्पांच्या मांडीवर टाकला.

"हात लावून सांगा की. मला मऊ वाटतंय, जॉबर म्हणतोय चरबट हाय."

अप्पांनी डोळे मिटले. टॉवेल तळहातावर फिरवला, मग गालाला लावला, मग उलटा करून पुन्हा लावला. चांगला वेळ घेतला. अक्का कमरेवर हात ठेवून उभ्याच होत्या.

"जॉबर बरोबर हाय," अप्पा म्हणाले आणि उठून त्याला सांगायला आत गेले.