सावरीवरची पंगत

जेवणाऱ्याला ताटावरून उठवायचं नाही, मग तो कोणीही असो, असा आमच्या चामटोलीच्या आत्याचा बाणा होता. एकदा मांजरानं दुधात तोंड घातलेलं तिनं पाहिलं. बाई केरसुणी उगारून उभी राहिली, मांजराचं चाटूनपुसून होईपर्यंत थांबली आणि मग पाठीत हाणली.

तिच्या परसामागे एक काटेसावर होती. फाल्गुनात झाडावर पान एक नाही, नुसती लाल फुलं. त्यांवर साळुंक्या, कोतवाल, कावळे, भोरड्या असा गलका करायच्या, की घरातलं बोलणं ऐकू येऊ नये. आम्ही अंबरनाथची पोरं गलोल घेऊन गेलो की आत्या ती आधी काढून घ्यायची.

“पाखरू काय फुकट खात नाय रे. रस पितं, तवा डोक्याला भुकटी लागते. ती घेऊन दुसऱ्या फुलात जातं, तवा बोंड धरतं. तुमच्या उशीतला कापूस काय आभाळातून पडला?”

पण सावर फुलते तेव्हाच होळी येते, आणि गावात होळीला सावरच उभी करायची रीत. दर साली पोरं कुऱ्हाड घेऊन यायची आणि आत्या “पंगत बसलीय, नंतर या” म्हणून त्यांची बोळवण करायची. नंतर म्हणजे कधी, हे कोणी विचारत नसे.

नव्वदनंतर बदलापूरच्या बाजूनं प्लॉट पडत आले. तिच्या मुलानं, दिगूदादानं, परसामागची जमीन विकली. झाड आज ना उद्या जाणारच, म्हणून त्यानं होळीला पोरांना परस्पर ‘न्या’ सांगून टाकलं. पोरं आली, तर आत्या बुंध्याशी ताट घेऊन बसलेली. भाकरी, वालाचं कालवण, कांदा. एक घास खायची, वर बघायची, मग पुढचा.

“काकी, उठा की आता.”

“जेवतेय ना बाला? जेवत्या मानसाला उठवतोस?”

दुपार कलली तरी अर्धी भाकरी शिल्लक. शेवटी पोरं हसत निघून गेली आणि आंब्याच्या फांदीवर होळी भागवली. दिगूदादानं मात्र आईशी अबोला धरला.

वैशाखात बोंडं फुटली, कापूस उडाला. मग आत्यानंच प्लॉटवाल्याच्या माणसांना “आता न्या” म्हणून सांगितलं. झाड पडलं. मला वाटलं, बाईनं मन घट्ट केलं.

पुढच्या फाल्गुनात गेलो, तर भर दुपारी मागचं दार लावलेलं. बाहेर साळुंक्यांचा कलकलाट चालला होता. मी कडी काढायला गेलो, तशी आत्यानं माझा हात धरला.

“नको उघडू,” ती म्हणाली. “पावणे आलेत. काय वाढू त्यांना?”